वेकबोर्डवर पहिल्यांदा उभे राहताना

बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडचे आपण बहुतेक जण पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. पाण्याची भीती त्यामुळे मोडते खरी, पण वेकबोर्डिंगमध्ये, म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून पायांत अडकवलेल्या फळीवर (बोर्डावर) उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळात, हीच सवय आडवी येते. पाण्यात पडताच हातपाय मारायचे हे अंगवळणी पडलेले असते आणि येथे सुरुवातीला नेमके स्वस्थ राहायचे असते.

प्रथम पुढचा पाय ठरवावा. कोणाला तरी पाठीमागून हलकेच ढकलायला सांगितल्यावर जो पाय आपसूक पुढे पडतो, तोच बहुधा बोर्डावरही पुढे राहतो. बोर्डावर बसवलेले बूट ओले करूनच चढवावेत. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावेच.

पाण्यात उतरण्यापूर्वी अंगणात उकिडवे बसून कासऱ्याचे एक टोक धरावे आणि दुसरे मित्राला ओढायला सांगावे. हात सरळ ठेवले, तर आपण अलगद उचलले जातो. कोपर वाकवून दोर स्वतःकडे ओढला, तर तोल जातो. ही चूक मी पाण्यात चार वेळा केली आणि चारही वेळा नाकातोंडात पाणी गेले.

पाण्यात पाठीवर तरंगत गुडघे छातीशी घ्यावेत, बोर्ड बोटीला आडवा आणि त्याची वरची कड पाण्याबाहेर ठेवावी. बोट वेग घेऊ लागली की पाण्याचा रेटा तळव्यांखाली जाणवतो आणि टाचा मागे दाबल्या जातात. याच क्षणी उठण्याचा मोह होतो, तो आवरावा. बोर्ड पाण्यावर आला, की त्याचे टोक बोटीकडे वळवून, दोराच्या टोकाचे हँडल कमरेजवळ ठेवून सावकाश उठावे. नवशिक्यास ताशी २५ ते २८ किलोमीटर वेग आणि सुमारे १५ मीटर दोर पुरतो.

आपल्या भागातील धरणांवर परवानगीविना बोट नेऊ नये. राकसकोपचे पाणी तर बेळगाव शहराला पिण्यासाठी जाते. हिडकलच्या पाण्याखाली हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे, ते उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडे पडते. अशा जलाशयात काल खोल असलेली जागा आज उथळ असू शकते, म्हणून मार्ग आधी संथपणे फिरून पाहावा.

बोटीत चालकाखेरीज मागे पाहणारा एक जण हवाच. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. तोल गेला, की हँडल तत्काळ सोडावे आणि हात उंच करून आपण सुखरूप असल्याचे दाखवावे; बोट वळून येईपर्यंत बोर्डाचे टोक पाण्याबाहेर धरावे, म्हणजे दुसऱ्या बोटींनाही आपण दिसतो.