वेबकॅमने गुरू-चंद्र टिपताय? कॅमेऱ्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

२०२६च्या जानेवारीत एका रात्री शेजारची अकरावीतली मुलगी नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण आणि लॅपटॉप घेऊन आली. रडवेली झाली होती. "काका, डोळा लावला की गुरूचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात. वेबकॅम लावला की नुसती पांढरी टिकली. कॅमेरा बदलू का?"

कॅमेरा ठणठणीत होता. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या दहा तक्रारींपैकी नऊ अशाच निघाल्या आहेत. सामान चांगलं असतं, पण निर्णय वेबकॅमच्या 'ऑटो'वर सोडलेले असतात, नाहीतर हवेचा विचारच झालेला नसतो.

पांढऱ्या टिकलीचं कारण अगदी सरळ आहे. वेबकॅम बनवलाय तो खोलीतल्या माणसाचा चेहरा दाखवायला. तो सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड मोजतो. ग्रहाच्या चौकटीत जवळजवळ सगळा काळोखच असतो, म्हणून तो एक्स्पोजर वाढवत नेतो आणि मधला इवलासा गुरू जळून पांढरा होतो. लॅपटॉपवर शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडा, एक्स्पोजर, गेन (चिपच्या सिग्नलची वाढ) आणि व्हाइट बॅलन्स या तिन्हींचं ऑटो काढा. हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा. शार्पनेसची पट्टी शून्यावर आणा. तिथे दिसणारी धार खोटी असते आणि पुढे स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचताना, तीच त्रास देते. गुरूची सेटिंग शनीला चालत नाही. शनीपर्यंत पोचणारं ऊन गुरूवरच्या उन्हाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी असतं, त्यामुळे तिथे एक्स्पोजर वाढवावंच लागतं.

त्या मुलीच्या स्क्रीनवर एक्स्पोजर खाली ओढलं आणि पाच सेकंदांत पट्टे उमटले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

स्क्रीन काळी, ग्रह सापडतच नाही

आधी भिंगाचं बघू. ग्रहांसाठी वेबकॅमचं स्वतःचं भिंग काढावं लागतं, दुर्बीणच त्याचं भिंग होते. काही मॉडेलमध्ये ते आट्यांवरून फिरवून निघतं, काहींत कवच उघडावं लागतं. उघड्या चिपला बोट लावू नका आणि तोंडाने फुंकर तर मुळीच मारू नका, थुंकीचे बारीक थेंब बसतात. सव्वा इंची अ‍ॅडाप्टर विकत मिळतो. न मिळाल्यास एखाद्या जुन्या फोटो स्टुडिओत पस्तीस एमएम रोलची काळी प्लॅस्टिक डबी मागा. बूड कापलं की ती सव्वा इंची फोकसरात, म्हणजे फोकससाठी मागेपुढे होणाऱ्या नळीत, छान बसते.

बऱ्याच वेबकॅमांत इन्फ्रारेड अडवणारी काच भिंगालाच चिकटलेली असते आणि भिंगाबरोबर तीही निघून जाते. मग चित्र लालसर, धुरकट येतं, विशेषतः भिंगाच्या दुर्बिणीत. अ‍ॅडाप्टरच्या तोंडाशी सव्वा इंची आयआर-कट फिल्टर लावला की हा प्रश्न मिटतो.

आता ग्रह का सापडत नाही ते. १५० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण आणि २.८ मायक्रॉन पिक्सेलचा साधा एचडी वेबकॅम धरा. स्क्रीनवर आकाशाचा जेमतेम दहा कलांचा (साठ कला म्हणजे एक अंश) तुकडा मावतो. चंद्रच तीस कलांचा असतो, म्हणजे तोही पुरता मावत नाही. म्हणून दिवसाउजेडीच फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवून घ्या. पांडवलेण्याच्या डोंगराचा माथा किंवा लांबचा मोबाइल टॉवर त्याला उत्तम. रात्री आधी आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) ग्रह बरोबर मधोमध आणा, मगच वेबकॅम लावा. तरी काळोखच दिसला, तर एक्स्पोजर आणि गेन पूर्ण वाढवा. फोकसबाहेरचा ग्रह फिकट मोठ्या वड्यासारखा पसरलेला असतो, तो आधी या उजेडात सापडतो. त्याहून सोपं म्हणजे पहिल्या रात्री चंद्रावर फोकस करून फोकसरच्या नळीवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

फोकस करताना हात लागला की चित्र थरथरतं आणि नेमकं काय दिसतंय ते कळत नाही. फोकसरच्या गोल मुठीला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावा. त्याचं टोक एका बोटाने हळूच ढकललं की मूठ केसभर फिरते आणि दुर्बीणही हलत नाही. गुरूच्या कडेपेक्षा त्याच्या चंद्रांवर फोकस करा, ते बारीक ठिपके झाले की जमलं.

तीनपट बार्लोचा मोह

गुरू मोठा हवा म्हणून लोक तीनपट, पाचपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावतात आणि मोठा पण पुसट गोळा मिळतो. ठोकताळा साधा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला पाचने गुणा, साधारण तेवढा एफ-आकडा (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास) पुरे. २.८ पाचने गुणलं की १४. वरची दुर्बीण एफ/८ आहे, म्हणजे दुप्पट बार्लोने एफ/१६. संपला हिशेब. पंचेचाळीस विकलांचा (साठ विकला म्हणजे एक कला) गुरू तेवढ्यात जवळपास १८५ पिक्सेल रुंद येतो. काही वेबकॅम ६४० बाय ४८० निवडल्यावर चिपचा मधला तुकडा घेत नाहीत, पूर्ण चित्र आकसून देतात. दोन्ही मोडमध्ये गुरू किती पिक्सेल भरतो ते एकदा मोजून बघा.

सेकंदाला तीस फ्रेमचा हट्टही सोडा. १२८० बाय ७२० चं न दाबलेलं चित्र तीसच्या वेगाने पाठवायचं तर सेकंदाला पंचावन्न एमबी लागतात. यूएसबी २.० ला ते झेपत नाही. मग वेबकॅम चित्र एमजेपीईजीमध्ये दाबतो आणि पट्ट्यांतला बारकावा तिथेच जातो. वाययूवाय-२ हा न दाबलेला प्रकार निवडा आणि सेकंदाला दहा फ्रेमवर समाधान माना.

आकाश स्वच्छ आहे, पण हवा?

ही चूक नाशिककरांची खास. थंडी पडली, तारे लखलखायला लागले की आपल्याला वाटतं, आज चित्र झकास येणार. तारे जोरात लुकलुकतात याचा अर्थ वरची हवा ढवळली जातेय. ग्रहांना स्वच्छ आकाशापेक्षा शांत आकाश हवं. किंचित धूसर, निवांत रात्री मला सर्वांत चांगला गुरू मिळाला आहे.

दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो. त्या उबेतून पाहिलेला ग्रह ओढ्याच्या तळातल्या खड्यासारखा हलतो. अंगणातली माती किंवा गवत मिळालं तर गच्चीपेक्षा ते बरं. गच्चीच असेल तर उशिरा सुरू करा आणि शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून नेम धरू नका. दुर्बीण किमान तासभर आधी उघड्यावर ठेवा, आरसा निवला नाही तर नळीतलीच हवा उकळल्यासारखी दिसते.

ग्रहांसाठी अंजनेरीला किंवा त्र्यंबकला जायची गरज नाही. चंद्र आणि ग्रह एवढे तेजस्वी असतात की पंचवटीतल्या रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं काही बिघडत नाही. उलट गंगापूर धरणाच्या काठी मध्यरात्रीनंतर इतकं दव पडतं की आरशाच्या दुर्बिणीचा तिरपा छोटा आरसा आंधळा होतो. गेलातच तर जुन्या योगा मॅटची गुंडाळी नळीच्या तोंडावर चढवा. निफाडकडे पारा एक आकडी उतरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तो धूर जमिनीलगत पसरतो. तिकडे पहाटेचा बेत आखू नका.

ग्रह तीस अंशांवर असताना आपण डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून बघतो, म्हणून तो वर चढेपर्यंत थांबा. नाशिक वीस अक्षांशावर आहे, त्यामुळे ग्रह इथे खूप वर चढतात, हे आपलं भाग्य. डॅमियन पीच हा ब्रिटिश छायाचित्रकार ग्रह टिपायला मुद्दाम बार्बाडोसला जात आला आहे. त्या जानेवारीत १० तारखेला गुरूची प्रतियुती (आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येणं) होती आणि मिथुनेतला गुरू आपल्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून गेला. डॉब्सनवर (हाताने वर-खाली आणि गोल फिरवायच्या साध्या बैठकीवर) मात्र अगदी डोक्यावरचा ग्रह धरून ठेवता येत नाही. तासभर आधी किंवा नंतर टिपा.

दुर्बीण ग्रहामागे फिरवणारी मोटर नसेल तरी अडत नाही. दुप्पट बार्लोने ग्रह चौकट ओलांडायला वीसेक सेकंद घेतो. त्याला एका कडेवर ठेवा, सोडून द्या, रेकॉर्ड करा, पुन्हा मागे आणा. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून सगळे तुकडे तीन-चार मिनिटांत संपवा, नाहीतर पट्ट्यांतले डाग फरफटतात. पिप हे मोफत सॉफ्टवेअर तुकडे जोडून ग्रह मधोमध आणतं. पुढे ऑटोस्टॅकर्ट या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तम वीस-तीस टक्के फ्रेम घ्या. रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या (बारकावे उठावदार करणाऱ्या) पट्ट्या हलक्या हाताने ओढा. कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसले की हात जास्त झाला.

चंद्राला पौर्णिमा टाळा. समोरून ऊन पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर टॉलेमीअस, अल्फान्सस, अर्झाकेल ही विवरांची रांग उभी असते. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर रुंद कोपर्निकस उजाडतं. आणि संध्याकाळी शुक्र किंवा बुध शोधायचा असेल, तर सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बिणीचं झाकण काढू नका. डोळा कायमचा जातो.

त्या रात्री आम्ही चार मिनिटांत सहा तुकडे घेतले, बाराशे फ्रेम झाल्या. त्यातल्या तीनशे वापरल्या. साडेअकराला दोन तपकिरी पट्टे आणि बाजूला दोन चंद्र असलेला गुरू स्क्रीनवर होता. तिने फाइलच्या नावात तारीख आणि वेळ मिनिटासकट टाकली, म्हणजे उद्या कोणता चंद्र कुठे सरकला ते ताडून बघता येईल.