स्वसंरक्षणासाठी झाडलेली गोळी खटल्यापर्यंत का पोहोचते, हे कसे तपासावे

अमेरिकेत कोणीतरी स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडतो, पोलीस त्याला त्या दिवशी अटक करत नाहीत आणि काही आठवड्यांनी त्याच्यावर खटला भरला जातो. अशी बातमी वाचल्यावर आपल्याकडे अनेकांना लगेच त्यामागे राजकारण दिसते. कधी ते असतेही. पण प्रकरणाचा तपशील नीट क्रमाने वाचला, तर खटल्याचे कारण बहुधा त्या घटनेतच सापडते.

सर्वप्रथम वाद नेमका कशाविषयी आहे, ते निश्चित करावे. गोळी कोणी झाडली, हा या खटल्यांत सहसा प्रश्नच नसतो. आरोपी ते मान्य करतो आणि म्हणतो, की त्या क्षणी मला मृत्यूची किंवा गंभीर इजेची भीती वाटली आणि माझ्या जागी कोणाही समंजस माणसाला ती वाटली असती. यातील पहिला भाग त्याच्या मनाविषयी आहे. दुसरा ठरवण्याचे काम मात्र मुख्यतः ज्यूरीचे, म्हणजे खटल्यासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांचे, मानले जाते. डिसेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झने, त्याच्याकडे पैसे मागितले गेल्यावर, चार तरुणांवर गोळ्या झाडल्या. पहिल्या ग्रँड ज्यूरीने (आरोप ठेवावेत का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) केवळ बेकायदा शस्त्रांचे आरोप ठेवले, तर दुसरीने खुनाच्या प्रयत्नाचेही. पुढे १९८६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपीला प्रामाणिकपणे भीती वाटली एवढ्याने भागत नाही, ती वाजवीही असली पाहिजे. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला गंभीर आरोपांतून मुक्त केले आणि बेकायदा पिस्तूल बाळगल्याबद्दल दोषी धरले.

त्यानंतर काळाचा हिशेब पाहावा, कारण माझ्या मते सर्वाधिक प्रकरणे इथेच अडकतात. धोका 'नुकताच होता' हे पुरेसे नसते. गोळी सुटतानाही तो समोर उभा असावा लागतो. जुलै २०१८ मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे अपंगांसाठी राखीव असलेल्या पार्किंगवरून वाद होऊन मायकल ड्रेकाला एकाने जमिनीवर ढकलले आणि त्याने पडल्या पडल्या पिस्तूल काढून त्या माणसाला ठार केले. शेरीफने, म्हणजे तिथल्या स्थानिक पोलीसप्रमुखाने, आरंभी अटक केली नाही. परंतु दुकानाच्या कॅमेऱ्यात ढकलणारा माणूस गोळीपूर्वी मागे सरकताना दिसत होता. सरकारी वकिलांनी सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवला आणि २०१९ मध्ये ड्रेकाला २० वर्षांची शिक्षा झाली.

एकाहून अधिक गोळ्या असतील, तर प्रत्येक गोळी स्वतंत्रपणे तपासावी. मिनेसोटातील बायरन स्मिथच्या घरात २०१२ मध्ये दोन किशोरवयीन मुले चोरीसाठी शिरली होती, त्यामुळे पहिल्या गोळीचा काही बचाव होऊ शकला असता. पण जखमी होऊन पडलेल्यांवर त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या, हे त्याच्याच ध्वनिमुद्रणातून ज्यूरीला ऐकू आले. पोलिसांना तर त्याने दुसऱ्या दिवसापर्यंत कळवले नव्हते. त्याला पूर्वनियोजित खुनासाठी जन्मठेप झाली.

मग राज्य कोणते, ते पाहावे. मराठी वस्ती बरीच असलेल्या न्यू जर्सीत घराबाहेर पूर्ण सुरक्षितपणे माघार घेणे शक्य असेल, तर प्राणघातक बळ वापरता येत नाही. टेक्सासात कायदेशीरपणे उपस्थित असलेल्या आणि भांडण न उकरलेल्या माणसावर तशी सक्ती नाही. फ्लोरिडाचा २००५ चा 'स्टँड युवर ग्राउंड' (माघार न घेता जागेवरच प्रतिकार करू देणारा) कायदा आणखी पुढे जाऊन खटल्यापासूनच संरक्षण देऊ करतो आणि २०१७ पासून हे संरक्षण मिळावे का, हे ठरवणाऱ्या पूर्वसुनावणीत पुराव्याची जबाबदारी सरकारी पक्षावर आहे. तरीही भांडणाची सुरुवात कोणी केली, यावर साक्षी जुळत नसतील, तर असा कायदा असूनही प्रकरण पुढे जाऊ शकते.

आरोपीचा पहिला जबाब शेवटी पण अवश्य वाचावा. घाबरलेला माणूस अंतर, क्रम आणि शब्द चुकीचे सांगतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र तोच जबाब पुढे चित्रफितीशी जुळत नाही, तेव्हा शंकेला जागा मिळते. म्हणूनच तिथले वकील सांगतात, की मदतीसाठी फोन करावा, हल्ला झाल्याचे थोडक्यात सांगावे आणि सविस्तर जबाब वकिलाच्या उपस्थितीतच द्यावा.

खटला उभा राहिला म्हणजे आरोपी दोषी ठरलाच, असे मात्र समजू नये. फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या किशोराला गोळी घालून ठार करणाऱ्या जॉर्ज झिमरमनवर २०१२ मध्ये विशेष सरकारी वकिलांनी खुनाचा आरोप ठेवला आणि २०१३ मध्ये तो निर्दोष सुटला. स्वसंरक्षणाचा मुद्दा एकदा पुराव्यानिशी पुढे आला, की तो खोटा असल्याचे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी आज अमेरिकेत सरकारी पक्षावर असते; ओहायोने हा नियम २०१९ मध्ये स्वीकारला. भारतात याउलट भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार हा बचाव आरोपीने सिद्ध करायचा असतो, फक्त त्याच्याकडून तितक्या कडक पुराव्याची अपेक्षा नसते आणि शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूला झुकले तरी पुरते.