दहावीला लेखनिक घेताय? आधी मुलीला सांगायला शिकवा

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण असलेल्या मुलीला लेखनिकाची, म्हणजे ती सांगेल ते परीक्षेत लिहून देणाऱ्या मुलीची, परवानगी मिळाली की घरचे हुश्श करतात. मीही केलं होतं. लेकीनंतर ओळखीतल्या सात-आठ मुलामुलींची तयारी मी करून घेतली आणि दर वेळी घोडं एकाच ठिकाणी अडलं. मुलीला उत्तर येत असतं, ते दुसऱ्याकडून लिहवून घेता येत नसतं. ‘लेखनिक मिळाला ना, मग काय काळजी!’ असं म्हणणाऱ्यांनी तो पेपर कधी जवळून पाहिलेला नसतो.

कागदपत्रं लवकर उरकून टाका. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. प्रमाणपत्र सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातून घ्यायचं. मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय त्यांपैकी एक. चौथीत काढलेल्या प्रमाणपत्रावर दहावी निघेल असं धरून चालू नका. 14व्या वर्षी पुन्हा तपासणी लागते, आणि हे नेमकं दिवाळीनंतर आठवतं. नववीतच जा. सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. शाळेला अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

लेखनिक नववीतली किंवा त्याखालची हवी. इथे सगळे ‘हुशार मुलगी बघा’ म्हणतात. अजिबात नको. हुशार मुलगी मनातल्या मनात वाक्य सुधारते, मध्येच भुवई उंचावते आणि आपली लेक तिथेच गोठते. अक्षर सुवाच्य, स्वभाव शांत आणि सांगितलं तेवढंच लिहिणारी मुलगी शोधा. शक्यतो दोन शोधा, एकीला ऐन वेळी ताप येतोच.

आता खरं काम.

लेकीच्या वेळी घरी लेखनिक मीच होते. इतिहासाचा प्रसारमाध्यमांचा धडा चालू असला की ती म्हणायची, ‘ते पहिलं मराठी वर्तमानपत्र... बाळशास्त्रींचं...’ आणि मी ‘दर्पण, 1832’ लिहून मोकळी. तिला माहीत होतंच की, असं माझं समर्थन. पूर्वपरीक्षेत तिला इतिहासात 40 पैकी 11 मिळाले. उत्तरपत्रिका पाहिली तर लेखनिकाने इमानदारीत लिहिलं होतं: ‘ते पहिलं मराठी वर्तमानपत्र बाळशास्त्रींचं’. अर्धं वाक्य टाकून लेक तिच्या तोंडाकडे बघत बसली होती, जशी घरी माझ्याकडे बघायची. लेखनिकाची काहीच चूक नव्हती. लेकीला तशी सवय मी लावली होती.

म्हणून पहिला नियम: आईने लेखनिक व्हायचं नाही. बाबांनीही नाही. विषय येणारं घरातलं कोणीच नको. आमच्याकडे धाकट्याला बसवला, तेव्हा तो सहावीत होता. पानाला दहा रुपये दर ठरला. अट एकच, ऐकलं तेवढंच लिहायचं; ती अडली तर जागा रिकामी सोडायची. पहिल्या दिवशी अर्धं पान रिकामं राहिलं आणि वही खिडकीतून खाली गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पंधरा वर्षांची मुलगी धाकट्या भावासमोर अडखळते, तेव्हा तिला काय वाटत असेल याचा विचार मी केला नव्हता. तुम्ही करा. शेजारचं एखादं पोर चालत असेल तर भावापेक्षा ते बरं.

सांगायचं कसं, हे वेगळं शिकवावं लागतं. आधी उत्तराचे तीन-चार शब्द कच्च्या कामाच्या जागेत तिने स्वतः टिपायचे. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, चित्र काढलं तरी चालेल. मग वाक्य मनात पुरं करायचं आणि चार-पाच शब्दांच्या तुकड्यांत सांगायचं. लिहिणारीचं पेन थांबलं की पुढचा तुकडा. ‘पूर्णविराम’, ‘नवीन मुद्दा’ हे तोंडाने म्हणायचं. ‘थांब’, ‘प्रश्न परत वाच’, ‘लिहिलंस ते वाचून दाखव’ ही तीन वाक्यं न लाजता म्हणता येईपर्यंत सराव थांबवू नका. भिडस्त मुली प्रश्न एकदाच ऐकतात आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतात.

गणितात याहून मोठी फजिती होते. ‘एक्स अधिक तीन छेद दोन’ म्हटलं की छेद फक्त तीनला की सगळ्याला? ऐकणारी तिला वाटेल ते लिहिणार. ‘कंसात एक्स अधिक तीन, कंस पुरा, सगळ्याला छेद दोन’ असंच म्हणायचं. भूमितीत ‘रेख बीडी’ आणि ‘रेख पीडी’ हळू आवाजात सारखेच ऐकू येतात. आम्ही बसमधला बी, डब्यातला डी, पेनातला पी असं ठरवून टाकलं. तुमचे शब्द तुम्ही ठरवा, फक्त दोन्ही मुलींना ते झोपेतून उठवलं तरी आठवले पाहिजेत.

दिवाळीनंतर दर आठवड्याला एक पूर्ण पेपर, ठरलेल्या लेखनिकाबरोबर, घड्याळ लावून. जादा वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे 2 तासांचा पेपर 2 तास 40 मिनिटांचा आणि भाषेचा 3 तासांचा थेट 4 तासांचा. एवढा वेळ बोलून घसा बसतो, पाण्याची बाटली हवीच. हा वेळ भरपूर वाटतो, पण नसतो. सांगून लिहवण्यात तो बघता बघता जातो.

पाठ्यपुस्तकं वाचून दाखवायला आजी असेल तर उत्तम, नाहीतर बालभारतीच्या पीडीएफ मोफत मिळतात आणि फोन वाचून दाखवतो. ‘रोज दहा पानं शुद्धलेखन काढ’ असं सांगणाऱ्या नातेवाइकांना चहा पाजून वाटेला लावा.

लेखनिक मुलीच्या आईला पेपरांच्या तारखा आल्या त्याच दिवशी कळवा. नववीची वार्षिक परीक्षा लगेच मागोमाग असते, त्यामुळे मार्चमध्ये तिला सरावाला बोलावू नका. परीक्षा केंद्रावर न्यायची-आणायची जबाबदारी आपली, आणि पेपर सुटल्यावर खायला घालायचीसुद्धा. त्या वेळी ‘काय लिहिलं गं हिने?’ असं तिला विचारायचं नाही.