जुनी डिस्क नव्या विंडोजला लावताना या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी असो की विश्रामबागेतला फोटो स्टुडिओ, नवं मशीन आणून त्यात हिशेबाची किंवा फोटोंची जुनी डिस्क लावायचं काम आता अनेकांच्या वाट्याला येतंय. नवी विंडोज जुनी डिस्क सहसा वाचते. डेटा जातो तो डिस्क दिसेना म्हणून घाईत दाबलेल्या बटणांमुळे.

'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' विचारलं की सरळ कॅन्सल करा. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोयही लगेच नको, कारण दुरुस्ती करताना ती डिस्कवर लिहिते. मध्येच वळवाच्या वाऱ्याने लाईट गेली तर आणखी पंचाईत. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

स्टुडिओवाल्यांनी मशीन उघडण्याआधी जुन्या विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे सगळ्या डिस्क आणि त्यांचे भाग दाखवणारी खिडकी पाहावी. दोन डिस्क मिळून एकच मोठी डी ड्राइव्ह केली असेल, तर तिथे 'डायनॅमिक' लिहिलेलं दिसतं. अशी जोडी एकत्रच हलवायची. एकच डिस्क लावली तर अर्धा डेटा मिळेल असं नाही, अख्खी ड्राइव्हच उघडत नाही. नव्या मशीनवर दोन्ही 'फॉरेन', म्हणजे दुसऱ्या मशीनवरून आलेल्या, दिसतील. डाव्या बाजूच्या राखाडी चौकटीवर राइट क्लिक करून 'इम्पोर्ट फॉरेन डिस्क्स' निवडा. नव्या मशीनवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर मात्र अडलं, कारण होममध्ये डायनॅमिक डिस्क चालत नाही. तिथे 'कन्व्हर्ट टू बेसिक' करायच्या फंदात पडू नका: त्यासाठी आधी डिस्कवरचे सगळे व्हॉल्यूम (डेटा असलेले भाग) पुसावे लागतात. जुनं मशीन चालू आहे तोवर तिसऱ्या, साध्या बेसिक डिस्कवर डेटा उतरवून घ्या.

डिस्क आत घालून यूएसबीने बाहेरून जोडायच्या बॉक्सचा घोळ वेगळाच. काही बॉक्स २ टीबीपेक्षा मोठी डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान कप्पा) असल्याचं विंडोजला सांगतात, डिस्क स्वतः ५१२ चा सेक्टर दाखवत असली तरी. अशा बॉक्समध्ये फॉरमॅट केलेली डिस्क काढून मशीनच्या आतल्या साटा केबलला थेट लावली की पार्टिशनचा तक्ता (डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद) चुकीच्या जागी शोधला जातो आणि डिस्क कोरी दिसते. डेटा जागेवरच असतो. त्याच बॉक्समध्ये परत घाला.

'अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं तर घाबरू नका. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमधून ओनर बदला. पण जुन्या विंडोजमध्ये फायलींची नावं हिरवी दिसत असतील, तर त्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत. त्यांचं सर्टिफिकेट खासगी किल्लीसकट एक्सपोर्ट करण्याआधी जुनी सी ड्राइव्ह फॉरमॅट केली, की ओनर बदलूनही काही उपयोग नाही. बिटलॉकर, म्हणजे अख्खी ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. तो कागद तळमजल्याच्या ड्रॉवरमध्ये नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा.

परतीची वाटही आधीच तपासा. विंडोज १० मध्ये बनवलेली स्टोरेज स्पेसेसची पूल (अनेक डिस्क एकत्र करून केलेला साठा) विंडोज ७ ला वाचता येत नाही, आणि 'अपग्रेड पूल' एकदा दाबलं की मागे फिरता येत नाही. रीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या व्हॉल्यूमला तर बटणही लागत नाही. नव्या विंडोजने तो लिहिण्यासाठी उघडला की आवृत्ती आपोआप चढू शकते आणि मग जुनं मशीन तो उघडत नाही. म्हणून रीएफएसची डिस्क 'नुसतं बघू' म्हणून नव्या मशीनला लावायची नाही; डेटा जुन्या मशीनवरून नेटवर्कने किंवा एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या डिस्कवर कॉपी करून न्यायचा.