विंडोज सर्चला फाइल सापडत नसेल तर काय तपासावं?

फाइल कॉम्प्युटरवर आहे, नावही आठवतंय, तरी सर्च रिकाम्या हाताने परत येतं. नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टांभोवती टायपिंगची कामं करणाऱ्यांना आणि वकिलांच्या ऑफिसांना याचा फटका जास्त बसतो, कारण तिथे एकेका मशीनवर वर्षानुवर्षांचे दस्त साठलेले असतात. अशा वेळी थेट ‘रिबिल्ड’ (शोधाची सूची पुसून नव्याने बनवणं) दाबू नका. त्यात तासन्‌तास जातात आणि कारण बरेचदा वेगळंच निघतं.

विंडोज शोधताना अख्खी डिस्क चाळत बसत नाही, आधी करून ठेवलेल्या सूचीत म्हणजे इंडेक्समध्ये बघतं. म्हणून आधी फाइल त्या सूचीत आहे का, हे पाहायचं.

१. फोल्डर तपासा. ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे ते उघडा आणि तिथल्याच सर्चमध्ये नाव टाका. हळूहळू का होईना सापडली, पण स्टार्ट मेनूतून सापडत नाही, तर ते फोल्डर इंडेक्सबाहेर आहे असं समजा. आपल्याकडे कामाच्या फायली डी ड्राइव्हवर ठेवायची सवय असते आणि सर्चच्या सेटिंग्जमधल्या नेहमीच्या ‘क्लासिक’ पर्यायात तो ड्राइव्ह मुळात धरलेलाच नसतो. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ दाबून हवं ते फोल्डर जोडा. सेटिंग्जमध्ये ‘एनहान्स्ड’ निवडलं की सगळं मशीन धरलं जातं, पण नोंदी ४ लाखांच्या वर गेल्या की सर्च मंदावू शकतं. मी तरी फक्त कामाची फोल्डरं जोडायला सांगेन.

२. नाव सापडतं, आतला मजकूर नाही? ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’च्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘फाइल टाइप्स’ उघडा. तुमच्या प्रकारासमोर ‘प्रॉपर्टीज अँड फाइल कन्टेन्ट्स’ निवडलेलं हवं. स्कॅन केलेल्या पीडीएफची गोष्ट वेगळी. माउसने त्यातला मजकूर सिलेक्ट होत नसेल, तर तो नुसता फोटो आहे. आधी ओसीआर करून घ्या, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवून घ्या.

३. जुना मराठी फॉन्ट. मराठीत काम करणाऱ्यांनी हे नक्की बघावं, कारण इंग्रजी मार्गदर्शनात याचा उल्लेखही नसतो. समजा, काटोलच्या संत्रा बागेचं खरेदीखत कृतिदेवमध्ये टाइप केलेलं आहे. पडद्यावर ‘काटोल’ दिसतं, पण फाइलमध्ये साठलेली असतात डी, के, व्ही, के, एस, वाय ही इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य देवनागरी टायपिंगमध्ये, ‘काटोल’ शोधलं तर इंडेक्स कितीही धडधाकट असला तरी काही मिळणार नाही. तात्पुरता उपाय सोपा आहे: तशाच एखाद्या जुन्या फाइलमधून तो शब्द कॉपी करून सर्चमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल, दिसू द्या, शोध त्यावरच चालतो. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टरने युनिकोड करणं. मात्र जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला आणि मूळ फाइल पुसू नका. तोवर निदान फाइलचं नाव युनिकोडमध्ये द्या: गाव, पक्षकार, वर्ष.

४. सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज सर्च’ चालू आहे का पाहा. बंद असेल तर सुरू करा, चालू असेल तर ‘रीस्टार्ट’ करा.

५. आता रिबिल्ड. एवढं करूनही अडलं, किंवा पुसलेल्या फायलीच सर्चमध्ये दिसत राहिल्या, तर ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ आणि मग ‘रिबिल्ड’. यात फक्त सूची पुसली जाते, तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. तुम्ही काम करत असलात की इंडेक्सिंगचा वेग कमी होतो, म्हणून संध्याकाळी ऑफिस बंद करताना सुरू करा, लॅपटॉप चार्जरला लावा आणि स्लीप बंद ठेवा. सकाळी ‘इंडेक्सिंग कम्प्लीट’ दिसायला हवं. इंडेक्स झालेल्या नोंदींचा आकडा मध्येच अडकला असेल तर सी ड्राइव्हवर जागा उरली आहे का बघा. इंडेक्स तिथेच साठतो आणि ‘अॅडव्हान्स्ड’मधूनच तो दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतो.