रोबोटभोवतीचा स्कॅनर: पिवळी पट्टी मारण्याआधी हिशेब करा

कुंपण नसलेल्या रोबोटजवळ माणूस आला हे सेफ्टी लेझर स्कॅनरला कळतं, पण रोबोट त्याच क्षणी थांबत नाही. स्कॅनरचा प्रतिसाद, कंट्रोलरचा वेळ आणि रोबोटचा हात प्रत्यक्ष थांबायला लागणारा वेळ, या तिन्हींची बेरीज धरा. आयएसओ १३८५५ या सुरक्षा-अंतराच्या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीत माणसाच्या चालीचा वेग सेकंदाला १६०० मिमी मानला आहे. बेरीज ०.५ सेकंद आली, तर तेवढ्यात माणूस ८०० मिमी पुढे येतो.

त्यात माणसाच्या पुढे झुकलेल्या हाताची लांबी मिळवायची: १२०० वजा स्कॅनरच्या किरणाच्या जमिनीपासूनच्या उंचीच्या ०.४ पट, पण किमान ८५०. उंची ३०० मिमी असेल तर १०८० मिमी. म्हणजे ज्यात माणूस शिरताच रोबोट थांबायला लागतो त्या क्षेत्राची कड, म्हणजेच पिवळी पट्टी, १८८० मिमीवर हवी, आणि तीही रोबोटच्या बुडापासून नव्हे. ग्रिपर (हाताच्या टोकाची पकड) आणि त्यातला जॉब (पकडलेली वस्तू) धरून रोबोटचा हात जिथवर पोचतो तिथून. (२०२४ मध्ये नवी आवृत्ती आली आहे, अंतिम आकडे तिच्यावरून पडताळा.)

थांबण्याचा वेळ पूर्ण वेग, पूर्ण वजन आणि पसरलेला हात अशा स्थितीत मोजा. रिकाम्या ग्रिपरने घेतलेला आकडा फसवा असतो.

खरी गडबड पुढे होते. धुळीमुळे रोबोट उगाच थांबतो म्हणून कुणीतरी स्कॅनरचं मल्टिपल सॅम्पलिंग (सलग किती स्कॅनमध्ये काही दिसलं की थांबायचं, ते सेटिंग) वाढवतं. लाइन सुरळीत चालते, पण प्रतिसादाचा वेळ वाढलेला असतो आणि पट्टी जुन्याच जागी. आधी स्कॅनरची काच पुसा. सेटिंग बदललंच, तर अंतर पुन्हा काढा.