जुन्या संगणकाच्या बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून फायली कशा काढाव्यात

सांगली-मिरज परिसरातील डीटीपीच्या दुकानांत आणि लहान संस्थांच्या कचेऱ्यांत विंडोज एक्सपीवर चालणारे संगणक अजूनही आढळतात. अशा संगणकाची हार्ड डिस्क बिघडली, की पहिले नुकसान बहुधा डिस्कमुळे नव्हे, तर घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे होते. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारते तेव्हा नकार द्यावा. चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम आपोआप सुरू होत असेल तर तोही थांबवावा, कारण तो मूळ डिस्कवरच बदल लिहितो आणि तुटलेल्या नोंदी जुळवताना वाचण्याजोग्या फायलींचेही तुकडे करून टाकू शकतो.

डिस्कमधून टक-टक असा ठोकल्यासारखा आवाज येत असल्यास संगणक तत्काळ बंद करावा. तो यांत्रिक बिघाड असतो आणि त्यावर घरी उपाय नाही. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्लाही ऐकू नये, त्याने आत दव धरते. २०१९ आणि २०२१ च्या कृष्णेच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली डिस्क वरून कोरडी दिसली तरी तिला वीज देऊ नये. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते आणि त्यातून गाळ आत शिरलेला असू शकतो. अशी डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच द्यावी.

आवाज नसेल आणि डिस्क ओळखली जात असेल, तर ती काढून चालू स्थितीतील दुसऱ्या संगणकाला जोडावी. रुंद, चपट्या केबलची डिस्क आयडीई प्रकारची आणि अरुंद केबलची साटा प्रकारची असते. दोन्ही चालणारा यूएसबी अडॅप्टर मिळतो, मात्र डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कसाठी त्यासोबत स्वतंत्र वीजपुरवठा लागतो.

यापुढचा नियम असा, की मूळ डिस्कवर काहीही लिहायचे नाही आणि फायली शोधायच्या त्या तिच्या प्रतीवर. पेन ड्राइव्हवरून सिस्टमरेस्क्यूसारखे लाइव्ह लिनक्स (संगणकावर न बसवता थेट चालणारी लिनक्स प्रणाली) सुरू करून डीडीरेस्क्यू या मोफत प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधील हुबेहूब प्रत, घ्यावी. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारे भाग मागे ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे परत वळतो. मरू घातलेल्या डिस्कसाठी हाच क्रम योग्य असतो. त्याला मॅप फाइल (किती भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी फाइल) अवश्य द्यावी, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम होते तिथून पुढे सुरू करता येते. इमेज ठेवण्याच्या डिस्कवर जुन्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेपेक्षा जास्त जागा मोकळी हवी आणि ती फॅट ३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आदेश देण्यापूर्वी कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी, हे मॉडेल व क्षमता पाहून पुन्हा तपासावे. येथे अदलाबदल झाली तर सगळेच पुसले जाते.

इमेज हाती आल्यावर प्रथम टेस्टडिस्क हे फायली शोधणारे सॉफ्टवेअर वापरावे. डिस्कच्या विभागणीचा तक्ता (सी, डी अशा भागांची नोंद) बिघडलेला असला तरी ते अनेकदा फोल्डर आणि फायली मूळ नावांसह दाखवते व दुसरीकडे कॉपी करू देते. ते जमले नाही तरच फोटोरेक या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावे. नाव फोटोचे असले तरी ते वर्ड, पीडीएफ अशा कितीतरी प्रकारच्या फायली शोधते, पण फाइलच्या सुरुवातीच्या खुणेवरून ओळखत असल्याने मूळ नावे व फोल्डर परत मिळत नाहीत, आणि पुढे नावे लावण्याचे कंटाळवाणे काम हातानेच करावे लागते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. श्रीलिपी, आकृती किंवा किरण यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कागदपत्रे नव्या संगणकावर उघडली, तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. अशी फाइल बहुधा खराब नसते, तिचा फॉन्ट तेवढा नसतो. म्हणून कागदपत्रांबरोबरच विंडोज फोल्डरमधील फॉन्ट्सचा संपूर्ण फोल्डर कॉपी करून घ्यावा. महत्त्वाच्या फायली एकेक उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहाव्यात आणि तोवर जुनी डिस्क भंगारात देऊ नये.